थांबचा तुकडा

१० जानेवारी २००५, सोमवार

ही डायरी ह्यांची. दर वर्षी मिलिटरी कॅन्टीनमधून एक आणतात आणि लिहीत बसतात. दूधवाला आला नाही, नळाला पाणी उशिरा आलं, असलं काहीबाही. नोकरीत लागलेली सवय. या वर्षी अजून एक ओळ नाही. लिहायचं नाही का म्हटलं, तर म्हणाले, "लिहिण्यासारखं काय आहे." मग मीच घेतली. चौथीपर्यंत शिकले, तेवढं पुरतं. चुकलं तरी मीच वाचणार आहे.

थंडी मरणाची आणि धुकं. पोरं उशिरा आली. गुडगावात या सोसायटीत तळमजल्यावर दोन खोल्यांत माझं पाळणाघर आहे. आईबाप दोघंही काचेच्या बिल्डिंगांत कामाला जातात, पोरं माझ्याकडे. हे हवालदार म्हणून पेन्शनीत आले तेव्हा ह्यांना साताऱ्याकडे गावी जायचं होतं. मी नाही म्हटलं. जावेच्या हाताखाली भाकऱ्या थापायला मी काय नवी नवरी आहे? इथे इंजिनियर बायका मला आंटीजी म्हणतात आणि पोराला ताप आला की आधी मला विचारतात. हे बंद पडलं तर गावच आहे पुन्हा. म्हणून पडू देणार नाही.

हे एका बँकेच्या एटीएमवर गार्ड होते. दिवाळीनंतर त्यांनी घरी बसवलं. कारण सांगत नाहीत. डुलकी लागली असणार. आता दिवसभर माझ्या पायांत पायांत.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. तीळ करपले.

वरच्या मजल्यावरची खन्ना पोरांना न्यायला आली. म्हणाली, "आंटीजी, मार्केट में नया प्लेस्कूल खुला है. हर बच्चे का अपना कम्प्यूटर. अप्रैल से दोनों को वहीं डाल रहे हैं." धाकटं अजून चड्डी ओली करतं. मी म्हटलं, "पहले सूसू बताना तो सीख ले." ती हसली नाही. ती गेली की बाकीच्याही जाणार. इथे एकीचं बघून दुसरी करते.

संध्याकाळी ममता आली. ही आपली नाशिकची, कम्प्युटर कंपनीत मोठ्या जागेवर आहे. नवरा जहाजावर. तिची रिंकू पाच वर्षांची. जन्मापासून दिसत नाही, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. जवळची कुठली शाळा घेईना म्हणून माझ्याकडे. ममताला खन्नाचं सांगितलं तर म्हणते, "काकू, कम्प्युटर शिकवायला कम्प्युटर कशाला लागतो? पडदा तर नकोच. माझ्या पोरीला पडद्याचा काय उपयोग. आपण हाताने शिकवू."

"हाताने काय शिकवणार?"

"हुकूम द्यायला. कम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते. सांगाल तेवढंच करतो, सांगाल त्याच क्रमाने करतो. त्याला नीट सांगता यायला हवं, बस. बाकी सगळं नंतरचं."

"तसला एक आहे माझ्या घरात," मी म्हटलं. हे तिथेच शेंगा सोलत बसले होते.  टरफलं वाटीत आणि दाणे खाली टाकत होते.

२ फेब्रुवारी, बुधवार

ममताने चित्र काढून दिलं, मी शिवलं. एक लांब कापडी पट्टा, त्याला ओळीने टिचबटणं. पट्ट्यावर तुकडे बसवायचे. कॉर्डरॉयचा तुकडा म्हणजे सरळ चाल. पितळी बटण म्हणजे उजवीकडे वळ, सुतळीची गाठ म्हणजे डावीकडे. पडद्याची कडी म्हणजे आधीचं तेच पुन्हा पुन्हा करत राहा. आणि रेगमाल, आपल्याकडे पॉलिश पेपर म्हणतात तो, म्हणजे थांब. एक पोर पट्टा लावतं, दुसरं मशीन. मशीनने डोळे मिटायचे, बोटांनी पट्टा वाचायचा आणि तसंच करायचं. तोंडाने सांगितलेलं चालत नाही. पट्टा म्हणेल ते. डोळे मिटायचा नियम ममताचा. का ते मी विचारलं नाही, कळतं मला.

बटणं ह्यांच्या युनिफॉर्मची. काढू का म्हटलं तर "काढ" म्हणाले. त्याच युनिफॉर्मला मला कधी इस्त्रीसुद्धा करू दिली नाही.

पहिला दिवस नुसता गोंधळ. खन्नाचं थोरलं जाऊन फ्रिजवर आदळलं आणि तिथेच पाय आपटत राहिलं, कारण कडी लागलेली. मी दंड धरून वळवलं तर ममताने मलाच दम दिला. अर्धी रजा टाकून आली होती. "काकू, तुम्ही वळवायचं नाही. चूक पट्ट्यात आहे. हात लावून शोधू द्या त्यांना." शोधा. माझ्या फ्रिजला पोचा आला तो कोण शोधणार.

रिंकूने शोधली चूक. तिला सगळ्यांच्या आधी सापडते. बाकीची पोरं तिच्याभोवती गोळा झाली. आजपर्यंत तिला कुणी खेळायला घेत नव्हतं.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

मशीन व्हायला कुणी तयार होईना. सगळ्यांना हुकूमच सोडायचे. शेवटी रिंकू म्हणाली, "आजोबांना करूया ना."

मला वाटलं, नाही म्हणतील. पण हे उठले. पट्ट्यावर बोटं फिरवली, टाचा जुळवल्या आणि निघाले. कोपऱ्यावर असे वळले की फरशी वाजली. रेगमालला बोट लागलं आणि थांबले. पोरं गुदगुल्या करतायत, मिशा ओढतायत, पण हे हलायला तयार नाहीत. पोरांची हसून पुरेवाट. रिंकू पट्ट्यामागून पट्टा लावत होती आणि हे चालत होते. कपाळावरची ती सततची आठी गेली होती.

खन्ना दारातून बघत होती. "ये तो बढ़िया है आंटीजी. हमारे ऑफिस में भी यही होता है, बस कोई हँसता नहीं." एप्रिलचं काही बोलली नाही.

बऱ्याच वर्षांनी मला ह्यांचं कौतुक वाटलं. लिहून ठेवते. सांगणार नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार

पोरांत राहून हे पोर झाले आहेत. काल चहात मीठ घातलं. सकाळी विचारतात, "कृष्णातचा डबा भरलास का?" कृष्णात आमचा मुलगा, बंगलोरला नोकरीला आहे, डोक्याचे केस गळायला लागले त्याच्या. मी म्हटलं, "चेष्टा पुरे." तर माझ्याकडे बघत राहिले.

दुपारी मागच्या ब्लॉकमधल्या कुणाच्या दाराला आपली किल्ली लावत होते. गेटवरच्या श्यामने आणून सोडलं. श्याम म्हणाला, "अंकलजी रास्ता भूल गए थे." मी म्हटलं, "सारी बिल्डिंगें एक जैसी पीली, तू भी भूलेगा." खोटं आहे का?

ममताने हे ऐकलं. हळूच म्हणाली, "काकू, काकांना एकदा मिलिटरी हॉस्पिटलला दाखवू. मी गाडी काढते."

"त्यांना काय धाड भरली? बसून खातात म्हणून सुस्तावलेत."

"तसं नाही काकू. एटीएमवरून का काढलं, विचारलंत का कधी तिथे जाऊन?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझ्या पोरीत खोट आहे म्हणून तुला सगळ्यांत खोट दिसते."

ती रिंकूचे बूट घालत होती. एका बुटाची नाडी बांधली, मग दुसऱ्याची. मग गेली.

२२ फेब्रुवारी

रिंकूला पाठवलं तिने. दुसरं कोण आहे तिला. मला नमस्कार नाही, काही नाही. नसू दे.

१ मार्च, मंगळवार

रेगमालने वैताग आणला. खन्नाच्या धाकट्याच्या स्वेटरची लोकर ओढली गेली, बोटंही सोलवटली. खन्ना म्हणाली, "आंटीजी, ये तो सेफ नहीं है." आधीच तिचं मन मोठ्या मुश्किलीने वळलंय. मी बसले आणि सगळे थांबचे तुकडे उसवून टाकले. एक दोन तव्याला घासायला ठेवले, बाकी कचऱ्यात.

संध्याकाळी ममताने पट्टा हातात घेतला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "काकू, थांब कुठे गेला?"

"काढला. टोचतो."

"मग दुसऱ्या कशाचा करा. काथ्याचा करा. पण हवाच तो. त्याच्याशिवाय कडी सुटत नाही. मशीन चालतच राहील."

"मशीन म्हणजे माणूसच ना? पट्टा संपला की माणूस आपोआप थांबतो. एवढं कुणालाही कळतं."

तिला ऑफिसचा फोन आला म्हणून विषय राहिला. तिच्या त्या मोबाइलचं एक बरं आहे.

१० मार्च, गुरुवार

थांब नसल्याने काही अडलं नाही. पोरं कंटाळली की खेळ मोडतात. माझंच खरं झालं.

हे दुपारचं रिंकूबरोबरच खेळतात. ती झोपत नाही, हेही नाहीत. मला बरं, तेवढीच पाठ टेकते.

१८ मार्च, शुक्रवार

कालचं लिहिते. काल हात चालला नाही.

ऊन चांगलं पडलं होतं. पोरं जेवून झोपली. थंडी संपली म्हणून रजया गच्चीवर घालायला गेले. वर खन्नाची मोलकरीण भेटली, तिच्याशी चार शब्द बोलले. माणसाने बोलूही नये का? खाली आले तर दार सताड उघडं. पोरं झोपलेली. हे नाहीत, रिंकू नाही.

आमचं दार थेट सोसायटीच्या गेटसमोर उघडतं, आणि गेटापासून रस्ता सरळ हायवेला जातो. श्यामला विचारलं. म्हणाला, "अंकलजी बच्ची को लेकर निकले. मैंने पूछा कहाँ, बोले ड्यूटी. मैंने सलाम मारा." आणि बसला बिडी ओढत. हायवेवर उड्डाणपुलाचं काम चालू आहे, ट्रक अंगावरून जातात. तिथे एक आंधळी पोर आणि हा माणूस.

मी चप्पल न घालता धावले. श्यामच्याच फोनवरून ममताला कळवलं. काय बोलले आठवत नाही. तिचं ऑफिस लांब नाही, ती गाडी घेऊन माझ्या मागोमाग पोचली.

पुलाच्या कामाला आडवे पत्रे लावलेत, रस्ता तिथे संपतो. तिथे मजुरांच्या झोपड्या आहेत. एका मजूर बाईने रिंकूला वाळूच्या ढिगावर बसवलं होतं, हातात गुळाचा खडा दिला होता. आणि हे पत्र्याला नाक लावून उभे. उभे कसले, चालत होते. जागच्या जागी. पाय उचलत होते, टाकत होते. गळ्यात पट्टा, त्याला शेवटी कडी. बूट वाळूने भरलेले. पाच-सहा मजूर बघत होते, एक हसत होता.

मी ओरडले, "अहो, थांबा." दंड धरून ओढलं. पुन्हा ओढलं. ऐकेनात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ममताने आधी पोरीला उचललं, सगळीकडून चाचपून पाहिलं. मग ह्यांच्याजवळ आली. पर्समधून नखं घासायची पट्टी काढली आणि तिची खरखरीत बाजू ह्यांच्या बोटांखाली धरली.

थांबले.

इतकी वर्षं मी ह्यांची बायको आहे.

गाडीत रिंकू बोलायला लागली. रडत नव्हती. "मम्मी, मी रुको रुको म्हटलं. आजोबा म्हणाले, तोंडाने चालत नाही. मग आम्ही पट्टा पहिल्यापासून चाचपला. आजोबा म्हणाले, थांब हाताला लागेना. मी पण शोधला. नव्हताच."

ममता गाडी चालवत होती. आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पोरीने कडी लावायचीच कशाला?"

 घराशी उतरताना हे ममताला म्हणाले, "रिपोर्ट द्यायचाय, साहेब कुठे आहेत?" ती म्हणाली, "मी सांगते त्यांना काका. तुम्ही आराम करा."

२१ मार्च, सोमवार

कुणी आलं नाही. खन्नाने मोलकरणीकडून पोरांची दुपटी मागवली. लिफ्टजवळ दिसली तर फोनवर बोलल्यासारखं करत निघून गेली. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

बिल्कुल बरोबर आहे त्यांचं. मीही नसती पाठवली. पण एकीने तरी विचारायचं होतं, आंटीजी तुमचं कसं आहे. त्यांच्या पोरांची शी काढली मी.

श्यामने विचारलं, पाळणाघराचा बोर्ड काढून ठेवू का? तुझं काम कर म्हटलं. सलाम मारतो म्हणे.

२२ मार्च

दोन खोल्या एवढ्या मोठ्या कधी झाल्या?

९ एप्रिल, शनिवार

पाडवा. गुढी उभारली नाही. काठी हे बांधतात दर वर्षी. या वर्षी काठी हातात घेऊन उभे राहिले, कशाला ते आठवेना. मी ती दाराआड ठेवून दिली.

परवा मिलिटरी हॉस्पिटलला गेलो. ममतानेच नंबर लावला होता आणि गाडी पाठवली होती, ड्रायव्हरसकट. स्वतः आली नाही. मी फोन करून थँक यू म्हटलं तर म्हणाली, "काकांसाठी केलं." बरं. निदान खरं बोलली.

डॉक्टर तरुण पोरगा, मेजर. ह्यांना आजची तारीख विचारली, पंतप्रधान कोण विचारलं. हे सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "मालूम नहीं साब." मला बाहेर नेऊन काय काय सांगितलं. मेंदू आतून सुकत चाललाय. बरं व्हायचं नाही, हळूहळू जास्तच होणार. मग विचारलं, "माताजी, घर में कब से देख रही थीं?" मी म्हटलं, "अभी से." दुसरं काय सांगणार. नोकरीवरून काढलं तेव्हापासून म्हणू? की त्याच्याही आधी, मी सुस्त म्हणायचे तेव्हापासून?

कृष्णातचा फोन. "आई, फ्लॅट विकून टाक. गावी काका-काकू आहेत, बघतील बाबांना."

"आणि मला?"

"तुला काय बघायचं? तू धडधाकट आहेस."

"तू ने बंगलोरला."

"आई, इथे वन बीएचके आहे. यार, समजून घे."

यार म्हणतो आईला. दिल्लीत वाढवला, माझंच चुकलं. मी फोन ठेवला. गावी जायचं नाही. माझी जाऊ ह्यांना अंगणात बांधून घालील आणि आल्यागेल्याला दाखवील.

१ मे, रविवार

लिहायला फुरसत नव्हती. हे दिवसातून दहादा दाराशी जातात. कडी काढतात, ड्यूटी म्हणतात. कुलूप घातलं तर दार बडवतात, शेजारी ओरडतात. ओट्याखाली तव्याचा तो रेगमालचा तुकडा होता. काळा झालेला, पण खरखर शिल्लक होती. मी तो कापडाला शिवला आणि दाराच्या कडीखाली खिळे मारून लावला. हे आले, कडी काढायला हात घातला, बोटं लागली. थांबले. मग मी हात धरून मागे फिरवलं. मला वाटलं जमलं. मला एक जमलं.

आज मी भाजीला गेले. मंडीत गर्दी होती, बटाटे निवडत बसले, एका बाईशी भांडण झालं. तिने माझ्या वेचलेल्या बटाट्यांना हात घातला. परत आले तर दार नीट उघडेना. आतून काहीतरी अडलेलं. ढकललं तर हे. दारामागे उभे, बोटं रेगमालवर. लाइट गेलेली, पंखा बंद, बनियन घामाने चिकटलेलं. पाय लटपटत होते. पायजमा ओला झाला होता, खाली फरशीही.

मी म्हटलं, "असे काय उभे राहिलात? थांबा म्हणजे बाहेर जाऊ नका एवढंच. बसायचं की खाली."

म्हणाले, "बसचा हुकूम नव्हता."

रागाने म्हणाले नाहीत. मलाच समजावून सांगत होते.

ह्यांना धुतलं, कपडे बदलले. मग पोरांची ती पिशवी काढली. ममताने नेली नव्हती. सगळं ओतून बघितलं. सरळ आहे, उजवीकडे, डावीकडे, कड्या आहेत चिक्कार. बसचा तुकडा कुणी केलेलाच नाही. पोरांना बस म्हणून शिकवावं लागत नाही, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ह्यांनी श्रीनगरच्या पोस्टिंगवरून मला एक शाल आणली होती. कधी वापरली नाही, चांगली म्हणून ठेवून दिली होती. तिचा कोपरा कापला. मऊ आहे, बोट लागलं की दुसऱ्या कशासारखं वाटत नाही. खुर्चीच्या हाताला शिवला. ह्यांना धरून खुर्चीपाशी आणलं, बोटं त्यावर ठेवली. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. मी दंड दाबून बसवणार होते, पण बसवलं नाही. पुन्हा पहिल्यापासून, दारापासून खुर्चीपर्यंत. पुन्हा. पुन्हा. लाइट आली, पुन्हा गेली. मग कधीतरी बोटं शालीवर जराशी फिरली आणि हे बसले.

मी तिथेच समोर फरशीवर बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं.